डोमिनिकाला जायचं तर: उकळत्या तळ्याच्या बेटाची ओळख आणि तयारी

तिकीट काढण्याआधी विमान नेमकं कुठे उतरतंय ते बघून घ्या. कॅरिबियन समुद्रात एक डोमिनिकन रिपब्लिक आहे आणि एक डोमिनिका. पहिल्यात स्पॅनिश बोलतात, राजधानी सांतो दोमिंगो, लोकसंख्या एक कोटीच्या वर. दुसऱ्यात इंग्रजी आणि क्रेओल बोलतात, राजधानी रोझो, आणि सगळ्या देशात मिळून माणसं सत्तर हजारांच्या आसपास. तिकिटांच्या साइटवर घाईत नाव टाकलं की पहिल्या देशाची विमानं समोर येतात; टपाल आणि पार्सलंही बऱ्याचदा तिकडेच जातात. म्हणून विमानतळाचा कोड 'डीओएम' आहे याची खात्री करा आणि कुठल्याही फॉर्मवर 'कॉमनवेल्थ ऑफ डोमिनिका' असं पूर्ण नाव लिहा. उच्चार 'डॉमिनीका', जोर 'नी'वर.

हे बेट ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधोमध आहे. लांबी ४७ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त २६, क्षेत्रफळ साधारण ७५० चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत नऊ ज्वालामुखी दाटीवाटीने बसले आहेत. सर्वांत उंच डोंगर मोर्न डियाब्लोटँ, १,४४७ मीटर. सपाट जमीन जवळजवळ नाहीच, त्यामुळे मोठी हॉटेलं, गोल्फची मैदानं आणि लांबलचक पांढरे किनारेही नाहीत. किनारे आहेत ते बहुतेक काळ्या वाळूचे आणि आखूड. ज्यांना नारळाखाली आरामखुर्ची टाकून पडायचं आहे त्यांनी अँटिग्वा किंवा बार्बाडोस गाठावं. इथे यायचं ते चालायला, भिजायला आणि गरम पाण्याच्या झऱ्यांत अंग शेकायला.

थोडक्यात देश

मूळचे रहिवासी कालिनागो. ते बेटाला वाइतुकुबुली म्हणत. ३ नोव्हेंबर १४९३ रोजी कोलंबसच्या गलबतांना हे बेट दिसलं, तो रविवार होता, म्हणून लॅटिनमधल्या रविवारावरून नाव पडलं. डोंगर आणि कालिनागो या दोघांनी मिळून युरोपीयांना बराच काळ लांब ठेवलं. १६६० मध्ये तर इंग्रज आणि फ्रेंचांनी हे बेट कालिनागोंकडेच राहू देण्याचा करार केला. तो फार पाळला गेला नाही. फ्रेंच वसाहतवाले हळूहळू शिरले, १७६३ च्या पॅरिस तहाने बेट ब्रिटनकडे गेलं, १७७८ मध्ये फ्रेंचांनी ते जिंकलं आणि १७८३ मध्ये परत दिलं. म्हणून आज कारभार इंग्रजीत, गाडी रस्त्याच्या डावीकडून, पण गावांची नावं सूफ्रिएर, मारिगो, पोंकासे अशी, धर्म बहुतांशी कॅथलिक आणि घरातली बोली फ्रेंच शब्दांवर उभी असलेली क्वेयोल, म्हणजेच क्रेओल. शेतमळ्यांवरून पळालेले आफ्रिकी गुलाम याच डोंगरांत तळ ठोकून राहिले आणि लढले.

स्वातंत्र्य मिळालं ३ नोव्हेंबर १९७८ रोजी. देश प्रजासत्ताक आहे, ब्रिटनचा राजा इथे राष्ट्रप्रमुख नाही. युजीनिया चार्ल्स १९८० ते १९९५ पंतप्रधान होत्या, इंग्रजी बोलणाऱ्या कॅरिबियनमधल्या पहिल्या महिला पंतप्रधान. रूझवेल्ट स्केरिट २००४ पासून त्या पदावर आहेत. २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या सिल्व्हॅनी बर्टन या पहिल्या महिला आणि पहिल्या कालिनागो राष्ट्राध्यक्ष. झेंड्यावर सिसेरू नावाचा जांभळ्या छातीचा पोपट आहे. तो जगात फक्त याच बेटावर सापडतो.

पोट कशावर चालतं? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केळ्यांवर. ब्रिटनच्या बाजारात या बेटांच्या केळ्यांना सवलत होती. जागतिक व्यापार संघटनेतल्या वादानंतर ती सुटत गेली आणि डोंगरउतारावरचा छोटा शेतकरी लॅटिन अमेरिकेतल्या प्रचंड मळ्यांपुढे टिकला नाही. आता पर्यटन आहे आणि गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देण्याची योजना आहे. ती १९९३ पासून चालू असून २०२४ मध्ये किमान रक्कम १ लाखावरून २ लाख अमेरिकी डॉलर झाली. सरकारी तिजोरीचा मोठा भाग यातून भरतो. त्याची किंमतही देशाने मोजली आहे: जुलै २०२३ पासून ब्रिटनने डोमिनिकाच्या नागरिकांना व्हिसा बंधनकारक केला.

भारताशी नातं दोन ठिकाणी ठळक दिसतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारताने कोविड लशीचे ७०,००० डोस पाठवले, म्हणजे जवळपास माणशी एक. दुसरं नातं क्रिकेटचं. रोझोच्या विंडसर पार्कवर जुलै २०२३ मध्ये मुंबईच्या यशस्वी जैस्वालने कसोटी पदार्पणात १७१ धावा केल्या, अश्विनने सामन्यात १२ बळी घेतले आणि भारत एक डाव १४१ धावांनी जिंकला. भारतीय आहात म्हटल्यावर मिनीबसमध्ये गप्पा याच विषयावर सुरू होण्याची शक्यता जास्त.

कधी जावं

फेब्रुवारी ते मे हा कोरडा काळ, पण कोरडा हा शब्द रोझोपुरता. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे डोंगराला अडतात आणि सगळं पाणी मधल्या उंच भागात ओततात. किनाऱ्यावर वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर पडतो, आतल्या डोंगरात सात हजारांच्या वर, म्हणजे आंबोलीच्या तोडीचा. मार्चमध्येही रानात रोज एखादी सर येणार असं धरूनच चाला.

१ जून ते ३० नोव्हेंबर वादळांचा हंगाम, त्यातही ऑगस्ट मध्य ते ऑक्टोबर सर्वांत धोक्याचा. १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ ताशी २६० किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्यानिशी थेट बेटावर आलं. बहुतेक घरांची छपरं गेली, झाडांचा पाला उडून हिरवे डोंगर तपकिरी झाले, आणि नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त निघालं. अनेक दशकं बेटाच्या उत्तरेकडच्या पोर्ट्समथ गावाजवळ असलेलं रॉस विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय त्यानंतर बार्बाडोसला हललं. त्याआधी ऑगस्ट २०१५ मध्ये एरिका आलं. ते साधं उष्णकटिबंधीय वादळ, वारा फारसा नव्हता. माणसं मेली ती पुराने आणि दरडींनी. म्हणून अंदाजात नुसती वाऱ्याची श्रेणी पाहू नका, पाऊस किती सांगितलाय तेही पाहा. या महिन्यांत जाणारच असाल तर बदलता येणारं तिकीट आणि वादळ धरणारा विमा, दोन्ही हवं.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा मात्र मोहात पाडतो. वर्ल्ड क्रेओल म्युझिक फेस्टिव्हल, क्रेओल दिनाचे पारंपरिक पोशाख आणि पाठोपाठ स्वातंत्र्यदिन. गर्दी चालणाऱ्यांनी तेव्हा जावं, पण खोली कित्येक महिने आधी ठरवावी.

पोचायचं कसं

डोमिनिकात पर्यटनासाठी भारतीय पासपोर्टला व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता मात्र विचारतात. नियम बदलतात, तेव्हा तिकिटाचे पैसे भरण्याआधी एकदा ताडून बघा. खरी अडचण वाटेतल्या देशांची आहे, आणि बहुतेकांचे बेत इथेच फसतात.

मायामीहून थेट विमान आहे आणि वेळ वाचतो. पण अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकी व्हिसा लागतो. तिथे विमानतळाच्या आतून परस्पर पुढे जाण्याची सोय नाही. ज्यांच्या पासपोर्टवर तो आधीच आहे त्यांनी दुसरा मार्ग शोधत बसू नये.

नसेल तर लंडनहून बार्बाडोस आणि तिथून छोट्या विमानाने डोमिनिका. बार्बाडोसला भारतीयांना व्हिसा लागत नाही, ही मोठी सोय. लंडनला ट्रान्झिट व्हिसा लागेल का, ते तुमच्याकडे इतर कोणत्या देशांचे व्हिसा आहेत यावर ठरतं.

तिसरा मार्ग पॅरिसहून ग्वादलूप किंवा मार्टिनिक आणि तिथून वेगवान फेरीबोट. नकाशावर हा सर्वांत सुंदर दिसतो आणि सर्वांत जास्त फसवतो. ही बेटं फ्रान्सची असली तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाहीत, आणि साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. अर्ज करतानाच फ्रेंच वकिलातीला या प्रदेशांचा उल्लेख करायला सांगावं लागतं. फेरी रोज नसते. खाडीतून बाहेर पडल्यावर दोन बेटांमधल्या खुल्या पाण्यात चांगलीच हलते. बोट लागत असेल तर गोळी चढण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्या, चढल्यावर उपयोग नाही.

त्रिनिदादमार्गे जात असाल तर आणखी एक गोष्ट. भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत त्रिनिदाद आहे. तिथून सहा दिवसांच्या आत भारतात परतणाऱ्याकडे लशीचं प्रमाणपत्र नसेल तर विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते. डोमिनिकासाठी भारताचं जबाबदार उच्चायुक्तालयही त्रिनिदादमध्ये, पोर्ट ऑफ स्पेनला आहे. पासपोर्ट हरवला तर मदत शेजारच्या दाराशी नाही, म्हणून पासपोर्टच्या प्रती वेगळ्या बॅगेत ठेवा.

बेटांमधली विमानं छोटी असतात. सामानाची मर्यादा कमी, उशीर आणि रद्द होणं नेहमीचं. मोठ्या विमानातून उतरून त्याच संध्याकाळी बेटाचं विमान पकडायचा हिशेब करू नका. मध्ये एक रात्र ठेवा. बॅग मागे राहिली तर चालायचे बूट, रेनकोट आणि औषधं हाताशी असावीत, म्हणून ती केबिन बॅगेत घ्या.

सामान, पैसा, फोन

चलन पूर्व कॅरिबियन डॉलर. १९७६ पासून तो अमेरिकी डॉलरला २.७० या दराने बांधलेला आहे. अमेरिकी नोटा सगळीकडे घेतात, पण मोड स्थानिक चलनात मिळते. कोणी 'वीस डॉलर' म्हटलं की कुठले ते लगेच विचारा. टॅक्सी आणि गाईडच्या भांडणांचं मूळ इथेच असतं. एटीएम रोझो आणि पोर्ट्समथला आहेत, खेड्यांत गृहीत धरू नका.

वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्टच्या आसपास, ५० हर्ट्झ. चार्जर चालतो, फक्त ब्रिटिश चौकोनी तीन पिनांचा अ‍ॅडॉप्टर लागतो. घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे. फोनचा कोड १-७६७, सिमकार्ड फ्लो किंवा डिजिसेलचं.

लष्करी छापाचे (कॅमोफ्लाज) कपडे नेऊ नका. ते घालणं इथे कायद्याने गुन्हा आहे, लहान मुलांनाही. थर्माकोलची भांडी आणि एकदा वापरून टाकायचं प्लास्टिक २०१९ पासून बंद, तेव्हा डबा आणि बाटली आपली न्या. प्रवास विम्यात रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला असावा, कारण गंभीर दुखणं असलं की शेजारच्या बेटावर न्यावं लागतं.

बेटावर फिरणं

इथे किलोमीटर मोजू नका, वळणं मोजा. डग्लस-चार्ल्स विमानतळ ईशान्येला मारिगोजवळ आहे आणि राजधानी नैर्ऋत्येला. अंतर साठेक किलोमीटर, पण रस्ता पोंकासेवरून डोंगर ओलांडतो, म्हणून सव्वा ते दीड तास. पावसात आणि अंधारात जास्त. पश्चिम किनाऱ्याने रोझो ते पोर्ट्समथ तासाभरात होतं. तो रस्ता बरा आहे.

सार्वजनिक वाहतूक म्हणजे खासगी मिनीबस. त्यांच्या नंबरप्लेटची सुरुवात 'एच' अक्षराने होते. वेळापत्रक नाही, गाडी भरली की सुटते. रोझोत प्रत्येक दिशेचा थांबा वेगळा, कुणालाही विचारलं तर सांगतात. सकाळी गावांकडून शहरात आणि दुपारी शहरातून गावांकडे असा ओघ असतो, उलट दिशेला वाट बघावी लागते. संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी मिनीबसच्या भरवशावर राहू नका.

गाडी भाड्याने घेतलीत तर स्थानिक तात्पुरता परवाना काढावा लागतो. गाडी देणारेच शुल्क घेऊन तो करून देतात. उंच चाकांची गाडी घ्या. रस्त्याच्या कडेला पाणी वाहून न्यायला खोल, उघडी गटारं असतात आणि समोरून ट्रक आला की चाक त्यातच जातं. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवायची इथली रीत आहे. घाटात गाडी चालवलेल्यांना ती शिकवावी लागणार नाही.

मुक्काम दोन ठिकाणी विभागा. आठ रात्री असतील तर चार रोझोच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे लॉडा, ट्राफाल्गर किंवा वॉटन वेव्हन भागात, तीन पोर्ट्समथला, शेवटची विमानतळाजवळ. सगळे दिवस एकाच ठिकाणी राहिलात तर रोज दोन-तीन तास गाडीत जातील. राष्ट्रीय उद्यानातल्या ठिकाणांना प्रवेशपास लागतो. एका ठिकाणाचा ५ अमेरिकी डॉलर आणि आठवड्याचा १२, असा दर बरीच वर्षं चालत आला आहे. तिसऱ्या ठिकाणालाच आठवड्याचा पास फिटतो.

उकळतं तळं

मोर्न त्र्वा पितों राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये झालं, १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि बेटावर येण्याचं सर्वांत मोठं कारण त्याच्या पोटात दडलं आहे. साठ-सत्तर मीटर रुंदीचं करड्या-निळ्या पाण्याचं तळं, वर सतत वाफ आणि मधोमध खदखदणारा उकाळा. न्यूझीलंडमधलं एक सोडलं तर या जातीचं एवढं मोठं तळं जगात दुसरं नाही.

ते उकळतं का? तळाशी ज्वालामुखी वायूंचं तोंड आहे. खालच्या शिलारसाकडून वाफ आणि वायू जोराने वर येतात, वरून पाऊस आणि लहान ओहोळ पाणी घालतात. वर येणाऱ्या वायूच्या दाबावरच पाणी तरलेलं असतं. दाब कमी झाला की पाणी खाली झिरपतं, तळं आटतं किंवा थंड पडतं. डिसेंबर २००४ मध्ये तसं झालं होतं आणि पुढे काही महिन्यांत ते पूर्ववत झालं. काठाशी मोजलेलं तापमान ८२ ते ९२ अंश सेल्सियस आहे. मध्यभागी ते मोजायला कोणी गेलेलं नाही, याचं कारण सांगायला नको.

वाट लॉडा गावातल्या टिटू घळीपासून सुरू होते. जाऊन-येऊन साधारण तेरा किलोमीटर, आणि त्याला सहा ते आठ तास लागतात. आकडा वाचून हसू नका. पूर्ण वाट चढ, उतार, पुन्हा चढ अशी आहे, आणि परतताना तेच सगळं उलट.

पहिला तास दाट रानातून, सौम्य चढाचा. मग ब्रेकफास्ट रिव्हर लागते. पाण्याच्या बाटल्या इथेच भरून घ्यायच्या, कारण पुढचं पाणी गंधकाचं. नदीपासून मोर्न निकोल्सच्या माथ्यापर्यंत लाकडी ओंडक्यांच्या पायऱ्या आहेत. त्या एकसारख्या उंचीच्या नाहीत आणि ओल्या असतात, म्हणून दम पायांआधी गुडघ्यांचा जातो. माथ्यावर वारा आणि ढग. घामाने भिजलेलं अंग तिथे थंडीने काकडतं, विंडचीटर लागतो. समोर दरीतून वाफेचा पट्टा वर येताना दिसला की तेच तळं.

माथ्यापलीकडचा उतार हा सर्वांत अवघड भाग. पाऊस झाला असेल तर तो चिखलाची घसरगुंडी असतो. तोंड डोंगराकडे करून, मुळं धरत उतरावं. खाली पोचलात की उजाड दरी सुरू होते: झाडं संपतात, दगड पिवळे, पांढरे, शेंदरी, ओढे काळे आणि दुधी, जमिनीतून फुसफुसणारी वाफ. इथला नियम एकच, गाईडचं पाऊल जिथे पडलं तिथेच आपलं पाऊल. वरचा पापुद्रा कडक दिसतो पण काही ठिकाणी खाली उकळता चिखल असतो, आणि पाय आत गेला की भाजलेल्या माणसाला उचलून पुन्हा तो डोंगर चढायचा. हायड्रोजन सल्फाइडमुळे चांदी काळी पडते. पैंजण, अंगठ्या खोलीवर ठेवा. दम्याच्या रुग्णांनी ही वाट टाळलेली बरी. दरीतून तळं आणखी अर्ध्या-पाऊण तासावर आहे.

सोबत काय घ्याल: माणशी दोन ते तीन लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी, दोन वेळचं कोरडं खाणं, घोट्यापर्यंतचे पकड असलेले बूट, कोरडा टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत, हेडलॅम्प. छत्री आणि चपला नकोत. जीन्स तर मुळीच नको. भिजली की जड होते आणि दिवसभर सुकत नाही. सकाळी आठच्या आत चालायला लागा. दुपारी बारापर्यंत तळ्याशी पोचला नसाल तर परत फिरा, कारण रानात साडेपाचलाच अंधारून येतं.

गाईड घ्याच. वाट चुकण्याची भीती कमी, उजाड दरी आणि नद्या ही खरी कारणं. वरच्या डोंगरात सर कोसळली की ओढा काही मिनिटांत फुगतो, आणि खाली ऊन असल्याने तुम्हाला पत्ता नसतो. पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या की ओलांडायचं नाही, काठावर उंच जागी थांबायचं. हाच धोका टिटू घळीत जास्त आहे. परत आल्यावर तिथल्या थंडगार पाण्यात पोहत धबधब्यापर्यंत जाता येतं, आणि सहा तासांच्या पायपिटीनंतर ते सुख सोडवत नाही. पण दोन्ही बाजूंना उभा कातळ असल्याने पूर आला तर वर चढायला जागा नाही. आधी विचारा, मगच उतरा.

तळ्यासाठी बेतात एक राखीव दिवस ठेवा. पहिल्या दिवशी पाऊस असेल तर दुसऱ्या दिवशी जाता येतं. शेवटच्या दिवशी ठेवलंत तर पाऊस असूनही जायचा मोह होतो, आणि अपघात असेच होतात. तळ्यापर्यंत रोपवे उभारण्याचं काम हाती घेतलेलं आहे. चालायचं नसेल तर त्याची स्थिती निघण्याआधी बघून घ्या.

बाकीचं बेट

ज्यांचे गुडघे एवढं मानणार नाहीत त्यांच्यासाठी ट्राफाल्गरचे जुळे धबधबे पंधरा मिनिटांच्या चालीवर आहेत. एमराल्ड पूलही तसाच सोपा. मिडलहॅम धबधब्याला जाऊन-येऊन अडीच-तीन तास लागतात, गर्दी कमी. नोव्हेंबर ते एप्रिल रोझोच्या धक्क्याला मोठी क्रूझ जहाजं लागतात. बंदराचं वेळापत्रक बघा आणि जहाज असेल त्या दिवशी नऊ ते दोन या वेळात सोपी ठिकाणं टाळा. संध्याकाळी वॉटन वेव्हनच्या गंधकाच्या कुंडांत बसावं. पांढरा पोशाख तिथे नेऊ नका, पिवळा होऊन येतो.

दक्षिण टोकाला स्कॉट्स हेड. चिंचोळ्या पट्टीवर उभं राहिलं की एका हाताला कॅरिबियन समुद्र शांत, दुसऱ्या हाताला अटलांटिक खवळलेला. वाटेत शॅम्पेन रीफवर समुद्रतळातून गरम वायूचे बुडबुडे वर येतात. स्नॉर्केल लावून ते काठापासून जवळच बघता येतात. याच स्कॉट्स हेडपासून उत्तरेच्या काब्रीपर्यंत १४ टप्प्यांची, सुमारे १८५ किलोमीटरची वाइतुकुबुली पायवाट जाते. पूर्ण करायची तर दोन आठवडे हाताशी हवेत.

पश्चिम किनाऱ्याजवळचा समुद्रतळ झपाट्याने हजार मीटरहून खोल जातो आणि डोंगर वारा अडवतो, म्हणून पाणी शांत. स्पर्म देवमासे इथे वर्षभर राहतात ते या खोलीसाठी. त्यांच्यासाठी सुमारे ७८८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं. बोटवाले पाण्यात ध्वनिग्राहक सोडून त्यांची टकटक ऐकतात आणि दिशा धरतात. देवमासा पाऊण तासाहून जास्त वेळ बुडी मारतो, तेव्हा तीन-चार तासांच्या फेरीत बराच काळ वाट बघण्याचाच असतो. पाण्यात उतरून पोहायला सरकारी परवानगी लागते. परवान्याविना स्वस्तात नेतो म्हणणाऱ्याला नकार द्या.

पोर्ट्समथच्या इंडियन रिव्हरचा भारताशी संबंध नाही, काठावर कालिनागो राहत म्हणून ते नाव. या नदीत इंजिनाला बंदी, वल्ह्याची नावच चालते. सकाळी सातची फेरी घ्या. पक्षी तेव्हाच बोलतात. जवळच्या काब्री उद्यानातल्या फोर्ट शर्लीवर १८०२ मध्ये गुलाम सैनिकांनी बंड केलं होतं. किल्ला चांगला राखलाय, दोन तास पुरतात.

पूर्व किनाऱ्यावर कालिनागो प्रदेश आहे: ३,७०० एकर, १९०३ मध्ये राखून ठेवलेला, जमीन सामाईक मालकीची, प्रमुख निवडून येतो. २०१५ पर्यंत त्याला कॅरिब टेरिटरी म्हणत. आता तो शब्द वापरू नका. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर लारूमा वेताच्या टोपल्या मिळतात. दोन थरांमध्ये पानं घालून विणलेली टोपली पाणीही धरते. घासाघीस शोभत नाही, एका टोपलीमागे वेत कापण्यापासून चिखलात पुरून काळा करण्यापर्यंतचे दिवस असतात. कसाव्याची भाकरी गरम मिळाली तर घ्या. आपला साबुदाणा ज्या कंदाचा, त्याच कंदाची, पण कडू जातीची. किसून, पिळून विषारी रस काढून टाकल्यावरच ती भाजतात.

शाकाहारी असाल तर

उपाशी राहणार नाही, पण विचारावं लागेल. राष्ट्रीय पदार्थ कॅलालू, म्हणजे डशीनच्या पानांचं दाट सूप, आणि डशीन म्हणजे अळू. सुपात खेकडा किंवा खारवलेलं मांस बऱ्याचदा असतं. पूर्वी राष्ट्रीय पदार्थाचा मान 'माउंटन चिकन'ला होता. ती कोंबडी नव्हे, मोठा बेडूक. बुरशीच्या रोगाने तो नामशेष होत आल्यावर २०१३ मध्ये कॅलालू आलं. भात-राजम्यात मांसाचा रस्सा असू शकतो. 'अक्रा' नावाची भजी मासळीची असते. मेनूवर 'फिग' लिहिलं तर ते अंजीर नव्हे, कच्चं केळं.

'आयटल' अशी पाटी दिसली की निर्धास्त आत जा. रास्ताफारी पंथाचं हे जेवण, मांस-मासे नाहीतच, मीठही कमी. बाजारात शनिवारी पहाटे अळूची पानं, सुरणासारखे कंद, लिंबं, नीरफणस, कच्ची केळी सगळं मिळतं. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर आठवडा निभतो. अळू खाजरं असतंच, नीट शिजवा. चिंच-आमसूल मिळण्याची खात्री नाही, ते घरून न्या. डाळी आणि मसालेही.

वागण्या-बोलण्यातलं

दुकानात, बसमध्ये, सरकारी खिडकीवर आधी 'गुड मॉर्निंग' किंवा 'गुड आफ्टरनून', मग काम. थेट प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं, पण कोरडं. पोहण्याचे कपडे किनाऱ्यापुरते. माणसाचा फोटो विचारून. रविवारी चर्च असतं आणि दुकानं बंद, पाण्यापासून खाण्यापर्यंत शनिवारी भरून ठेवा.

विषारी साप बेटावर नाहीत. मोठा बोआ दिसला तर तो निरुपद्रवी. धोका आहे तो समुद्रकाठच्या मँचिनील झाडाचा. हिरव्या छोट्या सफरचंदासारखं फळ, पान चकचकीत. फळ खाऊ नका, आणि पावसात त्याखाली उभंही राहू नका, कारण टपकणाऱ्या थेंबांतून उतरणारा चीक कातडीवर फोड आणतो. काही झाडांना लाल पट्टा मारलेला असतो, सगळ्यांना नाही. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, मलम सकाळीच लावा. मोठ्या पावसानंतर नळाचं पाणी गढूळ येतं किंवा बंद होतं, तेव्हा दोन बाटल्या कायम भरलेल्या असाव्यात.

निघण्याच्या आदल्या रात्री मारिगो किंवा कॅलिबिशीजवळच राहा. रात्रभर पाऊस झाला की डोंगरातल्या रस्त्यावर दरड येते, आणि रोझोहून पहाटे निघालेली गाडी पोंकासेला अडकून पडते. टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवा, भाडं कुठल्या डॉलरमध्ये ते लिहून घ्या. उरलेलं स्थानिक चलन बेटावरच खर्च करा, मुंबईत ते बदलून मिळत नाही.